टीव्हीवर झ्विफ्ट कसं लावायचं? अँड्रॉइड टीव्ही, व्हील-ऑन ट्रेनर आणि नागपूरचा उन्हाळा

प्रतापनगरकर

नमस्कार मंडळी.

यंदाच्या हिवाळ्यात २०० ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायचीच असं ठरवलंय. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर. मार्चपर्यंत सराव नीट सुरू होता. रोज अंबाझरीकडून हिंगणा रोड, सुटीच्या दिवशी रामटेक. आता सकाळी सातलाच ऊन चटके देतंय, आणि संध्याकाळी ऑफिसमधून येईपर्यंत डांबर तापलेलंच असतं. दोन-अडीच महिने सायकल बंद ठेवली तर पावसाळ्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून एका सायकलमित्राकडून वापरलेला व्हील-ऑन स्मार्ट ट्रेनर घेतला. सायकल घरात जागेवरच चालवता येते आणि मागचं चाक रोलरवर टेकतं तो प्रकार.

हॉलमध्ये ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. त्यावर झ्विफ्ट, म्हणजे ट्रेनरवर पेडल मारत पडद्यावरच्या रस्त्यांवर सायकल चालवायचं ॲप, लावावं असा बेत होता, पण टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये ते ॲपच दिसत नाही. फोनवर दिसतं. टीव्हीला ब्लूटूथ आहे, ट्रेनरलाही आहे, मग दोघांना थेट जोडता येईल का? ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नाही. घरी मुलीचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज १०, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

कोणी हे करून बसलेलं असेल तर सविस्तर सांगा. नवीन काही विकत घ्यायची तयारी आहे, पण गरज असेल तरच.

वायरमन

भाऊ, पहिले एक गोष्ट पक्की करा, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. टीव्ही इथे फक्त पडदा आहे. ॲप चालणार दुसऱ्या कशावर तरी, आणि ट्रेनर बोलणार त्या दुसऱ्याशी. टीव्हीचं ब्लूटूथ या खेळात येतच नाही.

झ्विफ्ट विंडोज, मॅक, आयफोन-आयपॅड, अँड्रॉइड फोन-टॅबलेट आणि ॲपल टीव्हीचा डबा, एवढ्यांवर चालतं. अँड्रॉइड टीव्ही त्या यादीत नाही. प्ले स्टोअरबाहेरून ॲपची फाइल (एपीके) टाकून चालवायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्या वाटेला जाऊ नका. टीव्हीच्या आतला प्रोसेसर असल्या थ्रीडी खेळासाठी दिलेला नसतो, आणि ते ॲप बोटाने वापरायसाठी बनवलेलं आहे, रिमोटने नाही.

तुमच्या घरी जे आहे त्यात मुलीचा लॅपटॉप सगळ्यात चांगला. एचडीएमआय केबल लावा आणि सुरू करा. ग्राफिक्स साधं दिसेल, झाडं-सावल्या कमी असतील, पण वॅट (पेडलवरची ताकद), केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), चढ सगळं तेच राहील.

तर्री_पोहे

लॅपटॉपची भानगड कशाला? मी फोनवर झ्विफ्ट लावतो आणि टीव्हीवर कास्ट करतो. फोन, टीव्ही एकाच वायफायवर असले की झालं. एक केबल नाही लागत.

वायरमन

चालतं, पण कसं चालतं तेही सांगायला पाहिजे. कास्ट करताना फोन एकाच वेळी गेम चालवतो, त्याचा व्हिडिओ बनवतो, वायफायवरून पाठवतो आणि ब्लूटूथवर ट्रेनरशी बोलतो. मे महिन्यात बंद खोलीत फोन तापतो, तापला की स्वतःच स्वतःला मंद करतो आणि चित्र अडकायला लागतं. शिवाय राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर ब्लूटूथही त्याच पट्ट्यात, दोघं एकमेकांच्या पायात येतात. कास्टच करायचं असेल तर फोन आणि टीव्ही दोन्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या.

चित्र अर्धा-एक सेकंद मागे राहतं त्याची मात्र फार काळजी नको. एकट्याने ठरलेला वर्कआउट करायला ते पुरतं. शर्यतीत दुसऱ्याच्या मागे चिकटून राहायचं असेल तर त्रास होतो, कारण पुढचा सुटल्याचं तुम्हाला उशिरा दिसतं.

संत्र्याची_फोड

फोनला टाइप-सी ते एचडीएमआय केबल लावली तर? तीनशे-चारशेला मिळते सीताबर्डीत.

वायरमन

ताई, टाइप-सी सॉकेट आहे म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही. फोनमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय असावी लागते. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये ती नसते. विकत घेण्याआधी तुमच्या फोनच्या मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. नसेल तर ती केबल फक्त चार्जिंगच्या कामाची.

फुटाळा_पहाटे

ॲपल टीव्हीबद्दल मी सांगतो, कारण आमच्याकडे तोच आहे. २०२२ चा ४के डबा, भारतात आला तेव्हा साधा १४,९०० आणि इथरनेटवाला १६,९०० होता. डब्यात एचडीएमआय केबल येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. एकदा लावला की रोजचं काम फार सोपं होतं. टीव्ही सुरू करा, ॲप उघडा, पेडल मारा. आमच्या घरी सगळ्यांना जमतं, हा त्याचा खरा फायदा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्यावर एएनटी प्लसचा (ब्लूटूथसारखीच सेन्सर जोडायची दुसरी बिनतारी पद्धत) डोंगल लावता येत नाही, म्हणजे जोडणी फक्त ब्लूटूथने. दोन, एका वेळी किती ब्लूटूथ उपकरणं जोडता येतील याला मर्यादा आहे. ट्रेनर आणि छातीचा हार्टरेट पट्टा एवढ्याला अडचण नाही. त्यावर वॅट मोजणारा वेगळा पॉवर मीटर, वेगळा केडन्स सेन्सर असं वाढत गेलं की झ्विफ्टचं कंपॅनियन ॲप फोनवर घ्या. फोन मधला पूल होतो, सेन्सर फोनला आणि फोन वायफायवरून डब्याला. त्यासाठी दोन्ही एकाच वायफायवर हवेत. घरात पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल आणि फोन चुकून त्यावर असेल तर ते एकमेकांना दिसत नाहीत.

प्रतापनगरकर, पण तुम्ही आत्ताच घेऊ नका. लॅपटॉपवर महिनाभर करून बघा.

प्रतापनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. लॅपटॉप लावला. पाच मीटरची एचडीएमआय केबल आणली, म्हणजे लॅपटॉप सायकलजवळच्या स्टुलावर राहतो. चित्र आलं! पण दोन अडचणी आहेत.

टीव्हीवर चारही कडा कापल्या जातात. वरची वॅटची चौकट अर्धीच दिसते.

आणि मोठी अडचण अशी की जोडणीच्या पडद्यावर ट्रेनर दिसतच नाही. विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायचा प्रयत्न केला, तिथे नाव दिसतं, ‘पेअर्ड’ असंही येतं, पण झ्विफ्टमध्ये शोधत राहतं, शोधतच राहतं.

वायरमन

कडांचं लगेच सुटेल. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा, चित्राच्या आकाराचा पर्याय बघा. कोणत्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, कोणत्यात ‘स्क्रीन फिट’, कोणत्यात ‘ओव्हरस्कॅन ऑफ’ असं लिहिलेलं असतं. तिथेच ‘गेम मोड’ असेल तर तोही सुरू करा, टीव्ही स्वतःची चित्र-सुधारणा बंद करतो आणि उशीर कमी होतो. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ घ्या. दोन पडदे एकदम रंगवायचं काम वाचलं की जुन्या मशीनला श्वास मिळतो.

आता ट्रेनर. विंडोजच्या सेटिंगमधून तो काढून टाका, ‘रिमूव्ह डिव्हाइस’. हे सेन्सर हेडफोनसारखे तिथून जोडायचे नसतात, ॲपच्या आतूनच जोडायचे असतात. मग ट्रेनरचा प्लग काढून परत लावा, दोन-चार पेडल मारा म्हणजे तो जागा होईल, आणि मग झ्विफ्टमध्ये शोधा.

तरी नाही दिसला तर सांगा, तुमच्या फोनवर ट्रेनर कंपनीचं ॲप आहे का?

प्रतापनगरकर

आहे. ट्रेनर आणला त्या दिवशी फर्मवेअर अपडेट करायला टाकलं होतं.

वायरमन

मग तिथेच आहे सगळं. ब्लूटूथवर बरेच ट्रेनर एका वेळी एकाशीच बोलतात. फोनवरचं ॲप मागे सुरू असेल तर फोनने ट्रेनर धरून ठेवलेला असतो आणि लॅपटॉपला तो दिसतच नाही. फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करा आणि परत शोधा. घरात टॅबलेटवर झ्विफ्ट टाकलं असेल तर तेही बघा.

एएनटी प्लस वेगळ्या पद्धतीने चालतं. त्यात ट्रेनर आकाशवाणीसारखा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलत राहतो, कितीही जण ऐकू शकतात. म्हणून लॅपटॉपवाले बरेच जण एएनटी प्लसचा यूएसबी डोंगल ठेवतात. घेतलात तर सोबत यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल ट्रेनरच्या पायाशी ठेवा. लॅपटॉपच्या मागे, टीव्ही आणि राउटरच्या गर्दीत खोचला की सिग्नल तुटतो, आणि ऐन चढावर वॅट शून्य होतात.

प्रतापनगरकर

जोडला!! फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि क्षणात दिसला. कडाही दिसायला लागल्या. मुलगी शेजारी उभी राहून झ्विफ्टच्या जगाचा नकाशा बघत होती, तिला ज्वालामुखीकडे जायचं होतं, म्हणून गेलो.

एक विचारायचं होतं. जोडणीच्या पडद्यावर ट्रेनरचं नाव दोन-तीन चौकटीत येतंय. कुठे निवडायचं?

फुटाळा_पहाटे

पॉवर सोर्समध्ये ट्रेनर, रेझिस्टन्स म्हणजे ‘कंट्रोलेबल’ मध्येही ट्रेनरच. ही दुसरी चौकट रिकामी राहिली तर चढ आला तरी पेडल जड होत नाही, आणि लोकांना वाटतं ट्रेनर बिघडला. केडन्स ट्रेनर देत असेल तर तोच, नाहीतर वेगळा सेन्सर.

मग प्रोफाइलमध्ये वजन आणि उंची खरी टाका. चढावरचा वेग वजनावरच ठरतो. आणि सेटिंगमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ म्हणून एक पट्टी आहे. ती मुळात ५० टक्क्यांवर असते, म्हणजे पडद्यावर १० टक्के चढ असेल तर पायाला ५ टक्क्यांसारखा लागतो. मेहनत त्याने कमी होत नाही, वर पोचायला तेवढेच वॅट तेवढाच वेळ द्यावे लागतात. फक्त गिअर किती वेळा बदलावे लागतील ते बदलतं. रामटेकचा चढ आठवून ती पट्टी सुरुवातीलाच १०० वर नेऊ नका. व्हील-ऑनवर जोरात दाबलं की टायर रोलरवर घसरतं.

बीआरएमसाठी म्हणत असाल तर ‘टेम्पस फ्युजिट’ नावाचा जवळजवळ सपाट रस्ता आहे, लांब एकसारखं चालवायला उत्तम. ‘आल्प डु झ्विफ्ट’ चा मोह होईलच, फ्रान्सच्या आल्प द्युएझवर बेतलेला, २१ वळणं, १२ किलोमीटरच्या थोडं वर लांबी आणि १,०३६ मीटर चढ. तो पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

गोरेवाडा

सगळे टीव्ही, केबल, ब्लूटूथ बोलून राहिले, पण नागपूरच्या एप्रिलात या सेटअपचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र पंखा आहे. माझं ऐका.

पेडलवर तुम्ही १५० वॅट देता तेव्हा शरीर त्याच्या तीन-चार पट उष्णता तयार करतं. म्हणजे जवळपास पाचशे वॅटचा हीटर तुमच्या आत सुरू. रस्त्यावर तिशीच्या वेगाने वारा लागतो, ती उष्णता निघून जाते. खोलीत वाराच नाही. घाम टपकतो पण सुकत नाही, आणि न सुकलेला घाम शरीर थंड करत नाही. मग पाय ठीक असतात पण हृदयाचे ठोके चढत जातात आणि माणूस म्हणतो की माझी ताकद कमी आहे.

आता आपल्याकडे कूलर. कूलर हवा थंड करतो पण ओली करतो. खिडक्या-दारं लावून कूलर सुरू केला तर वीस मिनिटांत खोली दमट होते, आणि घाम सुकणं आणखीच बंद. कूलर खिडकीत बाहेरची कोरडी हवा घेईल असा लावा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी सताड उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा पुढे निघून जाईल. सायकल त्या झोताच्या वाटेत ठेवा. आणि कूलर असला तरी वेगळा फर्राटा पंखा समोरून छातीवर पाहिजेच. पावसाळ्यात कूलर पूर्ण बंद, तेव्हा हवाच ओली असते, फक्त पंखा.

टीव्ही कुठे आहे त्यावर सायकलची जागा ठरवू नका. हवा कुठून येते त्यावर ठरवा, आणि केबल तेवढी लांब घ्या.

प्रतापनगरकर

दादा, हे वाचून सायकल हॉलच्या त्या कोपऱ्यातून बाल्कनीच्या दारासमोर घेतली. टीव्ही थोडा तिरका दिसतो, पण फरक प्रचंड आहे. कालपर्यंत अर्ध्या तासात जीव कासावीस व्हायचा. आज तास आरामात झाला.

खालच्या मजल्यावर आजी-आजोबा राहतात. आवाजाचं काय करता तुम्ही लोक?

गोरेवाडा

कानाला जो आवाज येतो तो टायरचा. खाली जातं ते कंपन. जाड रबरी मॅट टाका, जिममध्ये वजनाखाली टाकतात ती, साधी योगा मॅट पुरत नाही. आणि आजी-आजोबांना भेटून वेळ विचारून घ्या. दुपारी झोपतात तेव्हा नाही, एवढं ठरलं की कोणाची तक्रार राहत नाही.

घामाचंही सांगून ठेवतो. हँडलवर आणि वरच्या नळीवर टॉवेल टाका. घामातलं मीठ हेडसेटमध्ये (हँडलखालच्या बेअरिंगमध्ये), बोल्टमध्ये उतरतं आणि गंज धरतो. रस्त्यावर वारा तो उडवून नेतो, इथे सगळा सायकलवरच पडतो. कूलरचा पंप, ट्रेनर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. बोर्ड जमिनीवर तर अजिबात नको.

मुळची_वर्धेची

थोडा वेगळा प्रश्न. माझ्याकडे साधा ट्रेनर आहे, मॅग्नेटवाला, ब्लूटूथ वगैरे काही नाही. बाबा बासष्ट वर्षांचे आहेत, शुगर आहे. डॉक्टरांनी रोज हलकं सायकलिंग सांगितलंय. उन्हात पाठवायची भीती वाटते. टीव्हीसमोर बसवलं तर करतील असं वाटतं. त्यांच्यासाठी झ्विफ्ट लावता येईल का?

वायरमन

लावता येतं. मागच्या चाकाला स्पीड सेन्सर लावायचा, पुढचं चाक तर फिरतच नाही. झ्विफ्टमध्ये तुमच्या ट्रेनरचं मॉडेल निवडलं की वेगावरून वॅटचा अंदाज काढतं. टायरची हवा आणि रोलरचा दाब रोज सारखा ठेवला तरच त्या अंदाजाला अर्थ. चढ आला तरी पेडल आपोआप जड होणार नाही, गिअर हाताने बदलायचे.

पण ताई, बाबांसाठी मी यातलं काहीच लावणार नाही. लॉगिन, जोडणी, सेन्सरची बॅटरी, रोज कोणीतरी मदतीला लागणार. अँड्रॉइड टीव्ही असेल तर त्यावर यूट्यूब आहेच. सायकलच्या हँडलवर कॅमेरा लावून काढलेले तास-तासभराचे व्हिडिओ भरपूर आहेत, कोकणातले रस्ते, हिमालयातले रस्ते. ते लावून द्या आणि बाबांना त्यांच्या चालीने पेडल मारू द्या. किती वेळ, किती जोर आणि औषधाच्या वेळा कशा सांभाळायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. पंखा मात्र गोरेवाडा म्हणतात तसा समोरून.

मुळची_वर्धेची

हे मला सुचलंच नव्हतं. आजच लावते. त्यांना नर्मदेकाठचे रस्ते फार आवडतात, तसं काही शोधते.

तर्री_पोहे

पैशाचं कोणी बोललं नाही. झ्विफ्टचा अमेरिकेतला दर २०२४ पासून महिन्याला १९.९९ डॉलर आहे. आपल्याला ते जड जातं. मायहूश फुकट आहे, अबुधाबीचं. जागतिक सायकल संघटना यूसीआयची २०२४ ची सायकलिंग ईस्पोर्ट्स विश्वविजेतेपद स्पर्धा त्यावरच झाली, म्हणजे काही कमअस्सल नाही. विंडोज, ॲपल टीव्ही, फोन सगळीकडे चालतं.

फुटाळा_पहाटे

मायहूश चांगलंच आहे, मी दोन्ही वापरतो. पण ग्राफिक्स जड आहे. प्रतापनगरकरांच्या जुन्या लॅपटॉपवर झ्विफ्ट पळेल, मायहूश रांगेल असा माझा अंदाज. टाकून बघायला मात्र पैसे लागत नाहीत, तर बघाच. पळालं तर वर्षाचे पैसे वाचले.

आणि पैसे भरलेच तर चार महिन्यांपुरते भरा. एप्रिल ते जुलै. ऑगस्टपासून सकाळी रस्ता आपलाच आहे, तेव्हा सदस्यत्व थांबवा. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये एकट्याने रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण करून आले, २०१८ मध्ये रशियातली ट्रान्स-सायबेरियन शर्यत करून आले. याच उन्हाच्या गावातून ही तयारी होऊ शकते, हे आपल्या सगळ्यांसाठी मोठं बळ आहे. २०० ची बीआरएम तुमच्याकडून नक्की होते.

प्रतापनगरकर

वाचून अंगात बळ आलं. मायहूश टाकून बघितलं, खरंच रांगतंय, म्हणून जुलैपर्यंत झ्विफ्टच. ॲपल टीव्हीचा विचार तूर्त सोडला, ते पैसे चांगल्या पंख्याला आणि मॅटला घातले.

शेवटचं एक. काल आणि आज त्याच गिअरला, त्याच वेगाला वॅट वेगळे दाखवतोय. वीस-पंचवीसचा फरक. ट्रेनर जुना आहे म्हणून असेल का?

वायरमन

बहुतेक नाही. व्हील-ऑनमध्ये हे टायरवर आहे. प्रत्येक वेळी बसण्याआधी हवा मोजा, रोड टायरला तुम्ही १०० पीएसआय ठेवत असाल तर रोज १००च. रोलरचा दाबाचा स्क्रू दर वेळी तेवढाच फिरवा, पेनाने खूण करून ठेवा. मग दहा मिनिटं चालवा, टायर आणि रोलर गरम होऊ द्या, आणि मगच स्पिनडाउन कॅलिब्रेशन करा, म्हणजे चाक वेगात फिरवून सोडून द्यायचं आणि ट्रेनरचं मोजमाप जुळवून घ्यायचं. गारठ्यात केलेलं कॅलिब्रेशन गरम झाल्यावर खोटं ठरतं.

तेवढं करूनही फरक राहिला तर मला निरोप टाका. माझ्याकडे पॉवर मीटरचे पेडल आहेत. रविवारी सकाळी त्रिमूर्ती नगरला येणारच आहे, घेऊन येतो, तुमच्या सायकलला लावून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघू. पंधराचा पाना आणि यूएसबीची एक्स्टेन्शन वायरही आणतो.

प्रतापनगरकर

या ना दादा, नक्की या. लवकर या म्हणजे ऊन लागणार नाही. पोहे घरीच करतो.